तुटीच्या वर्षात मानसिक आरोग्य सेवेचा पैसा कसा राखायचा

राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला म्हणून मानसिक आरोग्यावरचा खर्च कमी केला, असं कुणी जाहीर करत नाही. कार्यक्रम बंद केल्याचा शासन निर्णयही निघत नाही. मानसोपचारतज्ज्ञाची बदली होते आणि जागा रिकामी राहते. औषधांची मागणी वर जाते, त्यातली निम्मीच मंजूर होते. कंत्राटी समुपदेशकाचा पगार काही महिने रखडतो आणि तो दुसरी नोकरी धरतो. वर्षअखेरीस सेवा कागदावर असते आणि ओपीडीच्या दाराला कुलूप.

महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा होता. त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी रुपये दाखवली होती. अशा वर्षी ‘मानसिक आरोग्यासाठी भरीव निधी द्यावा’ एवढंच लिहिलेल्या निवेदनाला मंत्रालयात आवक क्रमांक मिळतो, आणखी काही मिळत नाही. मंजूर झालेला पैसा, प्रत्यक्ष वितरित झालेला पैसा आणि खर्च झालेला पैसा या तीन आकड्यांतली दरी शोधा आणि तिथेच बोट ठेवा. नवा पैसा मागण्यापेक्षा आधी मंजूर झालेला सोडवून घेणं सोपं असतं, कारण त्यासाठी वित्त विभागाला नव्याने काही कबूल करावं लागत नाही.

पैसा कुणाच्या खिशातून येतो

हे कळल्याशिवाय पत्र लिहू नका. चुकीच्या दारी गेलेलं निवेदन ‘सदर विषय या विभागाशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन परत येतं आणि मध्ये दोन महिने जातात.

ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. यांतलं एकही मराठवाड्यात नाही, हे तिथल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक निवेदनात लिहावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पैसा मात्र राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. या कार्यक्रमाखाली एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२० लाख रुपये मिळू शकतात. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांचं पथक, औषधं, गावपातळीवरची शिबिरं आणि जिल्हा पातळीवर १० खाटांचा आंतररुग्ण कक्ष हे सगळं त्यातच येतं. राज्याने आपला ४० टक्के वाटा उशिरा टाकला की केंद्राचा पुढचा हप्ताही लांबतो. म्हणून तुटीच्या वर्षात पहिला प्रश्न हा: राज्याचा हिस्सा कोणत्या तारखेला जमा झाला?

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतले मनोविकृतीशास्त्र विभाग वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. मुंबईत केईएम, नायर, सायन ही रुग्णालयं महापालिकेची. निवारागृहं आणि पुनर्वसनाचा प्रश्न दिव्यांग कल्याण विभाग आणि आरोग्य विभाग यांच्यामध्ये लोंबकळत राहतो. त्या विषयाचं पत्र दोन्ही विभागांना, एकाच मसुद्याचं आणि ‘प्रत’ मध्ये एकमेकांची नावं घालून पाठवा. दोघांनाही दुसऱ्याकडे बोट दाखवणं जरा अवघड होतं.

आकडे काढण्याची रीत

राज्याच्या अर्थसंकल्पीय पुस्तकांत प्रत्येक विभागाला एक अक्षर असतं. सार्वजनिक आरोग्य विभागाचं अक्षर आर, वैद्यकीय शिक्षणाचं एस. आर-१ या मागणीखाली, म्हणजे विभागाने विधिमंडळाकडे मागितलेल्या रकमांच्या यादीत, २२१० हे मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा क्रमांक, शोधा. दवाखाने, पगार, औषधं असा चालू खर्च तिथे असतो. इमारतींचा भांडवली खर्च ४२१० मध्ये. मनोरुग्णालयांच्या ओळी सापडल्या की चार स्तंभ उतरवून घ्या: मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. तुटीचं खरं चित्र दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभाच्या फरकात असतं. मार्चमध्ये टाळ्या घेतलेला आकडा पुढच्या मार्चमध्ये सुधारित अंदाजात गुपचूप उतरलेला दिसतो.

मग त्या ओळीच्या पोटात शिरा. प्रत्येक लेखाशीर्षाखाली उद्दिष्टं, म्हणजे खर्चाचे प्रकार, असतात. ०१ म्हणजे वेतन, १३ कार्यालयीन खर्च, २१ साधनसामग्री व पुरवठा. एकूण आकडा वाढला म्हणून समाधान मानू नका. महागाई भत्ता वाढला की वेतनाची ओळ आपोआप फुगते. औषध, कपडे, आहार यांच्या ओळी मात्र जागच्या जागी राहतात, म्हणजे महागाई धरली तर घटलेल्याच असतात. ‘निधी वाढवला आहे’ या सरकारी उत्तराला हाच तोड आहे: वेतन वगळून किती वाढला ते सांगा.

वर्ष चालू असताना बीम्स या राज्याच्या संगणकीय प्रणालीवर लेखाशीर्षनिहाय अर्थसंकल्पित, वितरित आणि खर्च रक्कम पाहता येते. महिन्यातून एकदा तेवढं पान छापून तारीख टाकून ठेवा. पुढच्या महिन्यात आकडा बदललेला असतो आणि जुना दाखवायला तुमच्याकडे पुरावा उरत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा जिल्ह्यातला खर्च मात्र असा सहज दिसत नाही. त्यासाठी माहितीचा अधिकार.

महाराष्ट्रात माहितीचा अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. अनेक अर्ज इथेच बाद होतात. म्हणून तीन वेगळे अर्ज करा: पदं, औषधं, खर्च. प्रत्येकावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, किंवा राज्याच्या ऑनलाइन माहिती अधिकार संकेतस्थळावरून भरणा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. मजकूर साधारण असा:

‘जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत आर्थिक वर्ष अमुक ते अमुक या काळात, वर्षनिहाय: १) मंजूर निधी, २) प्राप्त निधी व प्राप्त झाल्याची तारीख, ३) बाबनिहाय खर्च, ४) अखर्चित रक्कम, ५) उपयोगिता प्रमाणपत्रांच्या प्रती.’

एवढंच. ‘निधी का खर्च झाला नाही?’ असं विचारलं तर अधिकारी ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ म्हणून मोकळा होतो. कारण हवं असेल तर त्या विषयावरच्या टिप्पणीच्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रती मागा, कारण त्यातच लिहिलेलं असतं. रुग्णांची नावं किंवा केसपेपर कधीही मागू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ नुसार ती माहिती गोपनीय आहे, आणि तुमचा अख्खा अर्ज संशयाच्या घेऱ्यात जातो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप. दुसऱ्या अपिलाला ९० दिवसांची मुदत असते, पण राज्य माहिती आयोगाच्या सुनावणीवर चालू वर्षाचं नियोजन टाकू नका. पहिल्या अपिलापर्यंत जे हाती येईल त्यावर काम चालवा.

ओपीडीच्या खिडकीवरचा पुरावा

सरकारी आकड्यांना उत्तर सरकारी आकड्यांनीच मिळतं, पण औषधांच्या बाबतीत तुमची स्वतःची नोंद जास्त वजनदार ठरते. ई-औषधी प्रणालीत साठा जिल्हा भांडारात दाखवलेला असतो आणि ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर नसतो.

आठ-दहा औषधांचा तक्ता करा: रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल, ट्रायहेक्झिफेनिडिल, फ्लुओक्झेटिन, लिथियम, सोडियम व्हॅल्प्रोएट, क्लोझापिन, फ्लुफेनाझिनचं दीर्घ परिणामाचं इंजेक्शन. यादी तुमच्या जिल्ह्यात प्रत्यक्ष लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांनुसार बदला. ताकदीचा मिलिग्रॅम आकडा लिहायला विसरू नका. ‘रिस्पेरिडोन आहे’ म्हणतात तेव्हा १ मिलिग्रॅमची गोळी असते, रुग्णाला ४ लागतात आणि पाकीट आठवड्यात संपतं. दर पंधरवड्याला ठरलेल्या ओपीडीच्या दिवशी एक जण जाऊन तीनच खुणा करेल: मिळालं, कमी दिवसांचं मिळालं, बाहेरून आणायला सांगितलं. तिसऱ्या प्रकारात फार्मासिस्टला केसपेपरवर ‘उपलब्ध नाही’ असं लिहून सही करायची विनंती करा. बहुतेक जण करतात, कारण शिव्या त्यांनाच खाव्या लागत असतात. फोटो काढताना नाव आणि नोंदणी क्रमांक झाका.

सलग तीन महिन्यांची अशी नोंद पुरते. त्यात रुग्णाचं भाडं, बुडालेली मजुरी आणि बाहेरून घेतलेल्या औषधाची किंमत जोडा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तरी खिशातून किती गेले, हा आकडा जिल्हाधिकाऱ्यालाही अस्वस्थ करतो.

कायद्याचा वापर कुठवर

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. अर्थसंकल्पाच्या लढाईत त्यातली चार कलमं कामाची.

कलम १८(११) शासनाला पुरेशी तरतूद करायला सांगतं आणि चार कसोट्या घालून देतं: पर्याप्तता, प्राधान्य, प्रगती आणि समन्याय. पर्याप्तता म्हणजे महागाई भरून निघेल इतकी रक्कम, हे कायद्याच्या स्पष्टीकरणातच आहे. प्राधान्य म्हणजे इतर लेखाशीर्षांच्या तुलनेत. वेतन वगळून औषधांची ओळ तीन वर्षं तिथेच आहे हे तुम्ही दाखवलं, की ती तक्रार कायद्याच्या पहिल्या कसोटीवर बसते. भावनेचं आवाहन करायची गरज उरत नाही.

कलम १८(१०) नुसार आवश्यक औषध यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी संस्थांत कायम आणि मोफत मिळायला हवीत. कलम १८(५) मध्ये आणखी एक धारदार तरतूद आहे. किमान सेवा जिल्ह्यात सरकारी यंत्रणेत नसतील तर रुग्ण जिल्ह्यातली दुसरी सेवा घेऊ शकतो आणि तो खर्च शासनाने सोसायचा. वित्त विभागाला ही भाषा कळते: स्वतःचा कक्ष चालवणं स्वस्त की खासगीचं बिल भरणं? आणि कलम ३१ नुसार तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे प्रयत्न कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत करायचे आहेत. ती मुदत मे २०२८ मध्ये संपते.

मर्यादाही लक्षात असू द्या. ‘अमुक कोटी द्या’ असं हा कायदा सांगत नाही आणि न्यायालयंही सहसा रकमेत पडत नाहीत. कलम लिहून त्याखाली तुमच्या जिल्ह्याचा आकडा नसेल, तर ते पत्र वकिलाची नोटीस वाटतं आणि तसंच विधी शाखेकडे सरकवलं जातं.

मागणी कशी लिहायची

एक पान. त्याहून जास्त कुणी वाचत नाही, जोडपत्रं हवी तेवढी लावा. वर लेखाशीर्ष आणि रक्कम, मध्ये तीन ओळींत वस्तुस्थिती, खाली काय आदेश हवा ते. तुटीच्या वर्षात मागण्या खालच्या पायरीपासून लावायच्या असतात.

सगळ्यात स्वस्त मागणी कपातीतून सूट. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्याने विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि नवी भरती थांबवली, तेव्हा सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभाग त्यातून वगळले होते. म्हणजे सूट देण्याची वाट मळलेली आहे. पण विभाग वगळला म्हणून त्यातला मानसिक आरोग्याचा उपविषय वाचतोच असं नाही. विभागाच्या आत पैसा अपघात कक्षाकडे, प्रसूतीकडे, साथरोगाकडे वळतो. म्हणून सूट मागताना लेखाशीर्ष आणि उद्दिष्ट २१ असं नेमकं लिहा.

त्यानंतर मंजूर निधीचं वेळेत वितरण. मग रिक्त पदं भरणं, निदान कंत्राटी किंवा मानधन तत्त्वावर. मग त्याच मागणीतल्या बचतीतून पुनर्विनियोजन, म्हणजे एका ओळीत उरलेला पैसा दुसऱ्या ओळीत वळवणं. नवी पदं आणि नवी इमारत शेवटी. नव्या पदांच्या आकृतिबंधाला, म्हणजे पदांच्या आराखड्याला, सचिवांच्या उच्चस्तरीय समितीची मान्यता लागते आणि पैशांची चणचण असताना तो प्रस्ताव तिथेच मुक्कामाला राहतो. इमारतीची मागणी आमदारांना आवडते कारण कोनशिला बसवता येते. मनुष्यबळ मंजूर नसलेली इमारत मात्र पुढे गोदाम होते. तशी मागणी करूच नका.

रक्कम स्वतः काढून द्या. समजा तालुक्यात नियमित औषध घेणारे ६०० रुग्ण आहेत आणि सरकारी दराने महिन्याचं औषध सरासरी १५० रुपयांना पडतं. ६०० गुणिले १५० गुणिले १२ म्हणजे वर्षाला १०,८०,००० रुपये. तुमच्या जिल्ह्याचे खरे आकडे घालून हे गणित एका ओळीत मांडा. साडेदहा-अकरा लाखांची मागणी नाकारताना अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं. ‘भरीव निधी’ नाकारायला काहीच लिहावं लागत नाही.

आकडेवारीत काही खड्डे आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले, हा आकडा सर्रास महाराष्ट्राचा म्हणून दिला जातो. त्या फेरीतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. समोरचा अभ्यासू निघाला तर पहिल्याच मिनिटाला तुमची पत जाते. ‘देशपातळीवरील सर्वेक्षणानुसार’ असं लिहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक. हा आकडा जरूर द्या, पण ‘एवढे समुपदेशक नेमले तर एवढे जीव वाचतील’ असं गणित मांडू नका. ते सिद्ध करता येत नाही, आणि आत्महत्येची वर्णनं निवेदनात घालणं धोक्याचंही असतं. एका डॉलरमागे चार डॉलर परत मिळतात हा जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष वर्तमानपत्राला आवडतो, वित्त विभागाला नाही. ते चार डॉलर त्यांच्या लेखाशीर्षात परत येत नाहीत. त्यांना औषध तुटल्याने पुन्हा दाखल झालेल्या रुग्णाचा खाटेमागचा दिवसाचा खर्च सांगा.

आणि दुसऱ्याच्या ताटातला घास मागू नका. ‘लाडक्या बहिणीला ३६,००० कोटी आणि आम्हाला काही नाही’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. पण ज्या आमदाराकडे तुम्ही जाणार आहात तो त्याच योजनेवर मतं मागून आला आहे, आणि तुमच्या रुग्णांच्या आया-बहिणीही ते १५०० रुपये घेतात.

वेळ चुकली की वर्ष गेलं

बहुतेक शिष्टमंडळं फेब्रुवारीत मंत्रालयात जातात. तोवर पुस्तकं छपाईला गेलेली असतात. क्षेत्रीय कार्यालयांकडून पुढच्या वर्षाचे प्रस्ताव पावसाळा संपता संपता वर जायला लागतात आणि वित्त विभागाच्या चर्चा हिवाळ्यात होतात. म्हणजे तुमचं एक पान जिल्हा शल्यचिकित्सक आणि आरोग्य उपसंचालक यांच्या टेबलावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवं. त्यासाठी माहितीचे अर्ज जूनमध्ये. आठमाही सुधारित अंदाज तयार होतात तेव्हा, म्हणजे डिसेंबरच्या आसपास, कुठल्या ओळीतून पैसा काढून घ्यायचा ते ठरतं. खर्च न झालेली ओळ पहिली कापली जाते. मानसिक आरोग्याची ओळ तिथे जवळपास दरवर्षी सापडते, कारण पद रिक्त असल्याने वेतन खर्चच होत नाही. रिक्त पदामुळे बचत दिसते, बचतीमुळे कपात होते आणि कपातीमुळे पद भरता येत नाही. हे चक्र ऑक्टोबरमध्येच लेखी दाखवून द्यावं लागतं.

पुरवणी मागण्या, म्हणजे वर्ष चालू असताना मागितलेला जादा निधी, मात्र प्रत्येक अधिवेशनात येतात: पावसाळी, नागपूरचं हिवाळी आणि मार्चचं. औषधांची तूट भरून काढायची ती खरी जागा. लोकसभा निवडणुकीच्या वर्षी पूर्ण अर्थसंकल्पाआधी लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांपुरती खर्चाची मंजुरी, येतं आणि नव्या बाबींना त्यात जागा नसते. आचारसंहितेचं कारण सांगून औषधं अडवली जात असतील तर लेखी विचारा: चालू योजनेतली नियमित खरेदी ही नवी घोषणा कशी?

आमदाराकडे काय घेऊन जायचं

मतदारसंघातल्या एका ग्रामीण रुग्णालयाचा आकडा, तयार प्रश्न आणि दोन मिनिटं बोलणारा एक माणूस. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या आणि स्वीय सहायकाकडे टाइप केलेली प्रत पोचवा, कारण प्रश्न ऑनलाइन भरण्याचं काम बहुधा तोच करतो. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, अधिवेशनाच्या महिनाभराहून आधी द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा एवढंच उरतं. प्रश्न असा असावा की ‘हे खरे आहे काय’ ला हो म्हणावंच लागेल: ‘अमुक जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील मंजूर पदांपैकी अमुक पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय?’ तुमच्याकडे माहिती अधिकाराचं उत्तर आहेच.

विभागाच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा कपात सूचना, म्हणजे कारभारावर बोट ठेवण्यासाठी रक्कम कमी करण्याची सूचना, देता येते. पुष्कळ मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना मंजूर होतात, तेव्हा या एका दिवसावर भिस्त ठेवू नका. विधान परिषदेचे शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतले आमदार कमी लोकांच्या गराड्यात असतात आणि कागद वाचतात. त्यांना विसरलं जातं.

आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटींचा असतो, पण त्यातून पगार किंवा औषधं भागत नाहीत. समुपदेशनाची बंद खोली, प्रतीक्षेची जागा, वाहन असं काही मागा. ओपीडीत पडद्याआड बोलावं लागतं, ही तक्रार एका खोलीने मिटते.

जिल्ह्यातला पैसा

राज्य नाही म्हणत असताना जिल्ह्यात पैसा असू शकतो. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. जिल्हा वार्षिक योजनेत आरोग्याच्या बाबी असतात आणि नाविन्यपूर्ण योजनेची एक वेगळी वाट असते. तिथे एका वर्षात संपणारा, आवर्ती खर्च नसलेला प्रस्ताव टिकतो: आशा सेविकांचं प्रशिक्षण, प्राथमिक केंद्रांसाठी तपासणी पुस्तिका, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकाच्या पाट्या. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात झालेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पासारखं गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देण्याचं प्रारूप इथे नमुना म्हणून जोडता येतं.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी ठेवायची असते. मानसिक आजारामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेली व्यक्ती त्यात बसते. ग्रामपंचायतीत हे बहुधा माहीत नसतं. निधी तीनचाकी सायकलींवर जातो किंवा पडून राहतो. ग्रामसभेत लेखी मागणी करा: महिन्याच्या औषधफेरीचं भाडं. रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे थोडा मुक्त निधी असतो. औषध संपलं असता स्थानिक खरेदीचा ठराव तिथे मांडता येतो.

लोकशाही दिन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होतो. अर्ज १५ दिवस आधी द्यायचा. तिथे धोरणात्मक मागणी घेत नाहीत, वैयक्तिक तक्रारच चालते. ‘जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ नेमा’ नाकारलं जाईल. ‘मला तीन महिने औषध मिळालेलं नाही’ स्वीकारलं जाईल. असे पाच अर्ज एकाच सोमवारी आले की धोरणाचा विषय आपोआप निघतो.

कोण बोलणार

पुणे-ठाण्याच्या स्वमदत गटांत ज्यांना शुभार्थी आणि शुभंकर म्हणतात, म्हणजे आजारातून वाट काढणारे आणि त्यांना सांभाळणारे, त्यांनीच बोलावं. पण नाव, फोटो, चित्रफीत यांना वेगवेगळी लेखी संमती घ्या आणि ती कधीही मागे घेता येईल हे सांगा. गावाचं नाव आलं तरी माणूस ओळखू येतो. बोलणाऱ्याने आजाराची कहाणी सांगायची गरज नाही. ‘पूर्वी औषध तालुक्याला मिळायचं, आता जिल्ह्याला जावं लागतं, एक दिवसाची मजुरी जाते’ एवढं पुरतं. सोबत एक जण फक्त त्यांच्यासाठी असावा, घाई झाली किंवा उद्धट प्रश्न आला तर बाहेर घेऊन येणारा.

सरकारी डॉक्टर आणि परिचारिका तुम्हाला खरी स्थिती सांगतील, पण महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांमुळे त्यांना जाहीर बोलता येत नाही. त्यांचं नाव निवेदनात आलं की पुढच्या वेळी दार बंद. त्यांनी सांगितलेलं माहितीच्या अर्जातून अधिकृतपणे मिळवा. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी मात्र उघड हातमिळवणी करा, त्यांचा रखडलेला पगार आणि तुमची बंद ओपीडी एकाच हप्त्यात अडकलेली असते. जन आरोग्य अभियानासारख्या व्यापक आघाडीच्या मागणीपत्रात तुमच्या दोन ओळी जाणं हेही मोलाचं. फक्त त्या ओळींत आकडा असू द्या.

बातमीसाठी जिल्हा आवृत्तीचा वार्ताहर गाठा. औषधांचा तीन महिन्यांचा तक्ता त्याला तयार हवा. जिल्हा पानावरची बातमी कात्रण म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर सकाळीच जाते.

न्यायालयाची पायरी सगळ्यात शेवटी. आधी कलम २८ प्रमाणे संस्थेच्या प्रमुखाकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, मग राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तक्रार. प्रत्येकाची पोच जपा. ही तक्रार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीने करायची असते, संस्थेच्या लेटरहेडवर दिली तर परत येते. मनोचिकित्सक डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्य प्राधिकरणाच्या कामकाजाबद्दल सरकारला जाब विचारला, तो मार्ग उपलब्ध आहे. पण त्यासाठी खालच्या पायऱ्यांचे कागद पूर्ण लागतात.

मंजुरीनंतरचं काम

शासन निर्णय निघाला की पेढे वाटले जातात आणि पाठपुरावा थांबतो. निर्णयानंतर प्रशासकीय मान्यता, मग निधी वितरणाचा आदेश, मग आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या (कोषागारातून पैसे काढून खर्च करणाऱ्याच्या) हाती रक्कम, मग खरेदीचा आदेश आणि पुरवठा. औषधं राज्य पातळीवर महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत घ्यायची असतील तर निविदेला महिने लागतात. डिसेंबरमध्ये वितरित झालेला पैसा मार्चपूर्वी औषधात बदलतोच असं नाही. प्रत्येक टप्प्याचा जावक क्रमांक आणि तारीख एका वहीत लिहा आणि पुढच्या टप्प्याच्या अधिकाऱ्याला भेटताना मागचा क्रमांक सांगा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बीम्सवर शिल्लक पुन्हा पाहा. वितरित रकमेतला मोठा हिस्सा तेव्हा अखर्चित दिसला तर त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र द्या आणि उपसंचालकांना प्रत पाठवा. त्यात दोनच पर्याय मागा: उपलब्ध दरकरारावरून औषधखरेदी, किंवा नियमात बसणारी स्थानिक खरेदी. ३१ मार्चला उरलेली रक्कम व्यपगत होते, म्हणजे हातची जाते, आणि पुढच्या वर्षीच्या तक्त्यात ती ‘गरज नव्हती’ म्हणून दिसते.